चीर आधी वाचा

सरकी काढलेल्या कापसाचा एक सुटा बोळा घ्यावा आणि दोरी उतरवलेल्या धनुष्याच्या पाठीवरून हलक्या हाताने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावा. पाठ धड असेल तर बोळा विनासायास सरकतो. कुठे एखादी कूस उठली असेल, अगदी डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक, तर तिथे कापसाचे दोन-चार धागे अडकून मागे राहतात. मग तोच बोळा उलट बाजूने फिरवायचा, कारण कूस एका दिशेने दबून जाते आणि दुसऱ्या दिशेने उभी राहते. धागे अडकले तिथे पेन्सिलीने खूण करायची. वर्धा जिल्ह्यात या तपासणीला पैसा लागत नाही. दिवाळीनंतर हिंगणघाटच्या बाजाराकडे कापसाच्या गाड्या जाऊ लागल्या की रस्त्याकडेच्या बाभळींनाही कापूस लटकलेला असतो.

हाताने केलेला लाकडी किंवा बांबूचा तीरकमठा तडकला, त्याची कूस निघाली, तर तो दुरुस्त होतो का आणि कसा, हा या प्रकरणाचा विषय आहे. बहुतेक जण चीर दिसताच फेविकॉलची बाटली शोधतात. माझे ठाम मत असे की, दुरुस्तीतले निम्मे काम चीर नीट पाहण्यात आहे. ती कोणत्या बाजूला आहे आणि कोणत्या दिशेने गेली आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की कोणता गोंद लावायचा हा प्रश्न सोपा होतो. कधी कधी तर तो उरतच नाही, कारण ते धनुष्य पुन्हा ओढण्याजोगे राहिलेले नसते.

विदर्भात तीरकमठा अजून संग्रहालयात गेलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि शिकारीचा हक्क संपला, तरी आदिवासी घरांतून धनुष्य पुरते गेले नाही. मैदानावर त्याला नवे स्थानही मिळाले. भारतात धनुर्विद्येच्या राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा एक प्रकार असतो. त्यात नेम धरण्याची यंत्रे नसलेले, बांबूचे वा लाकडाचे साधे धनुष्य घेऊन ५० आणि ३० मीटरवर नेम साधायचा असतो. शाळकरी मुले याच धनुष्यावर हात बसवतात. राजस्थानचे लिंबाराम आणि झारखंडच्या दीपिका कुमारी, दोघांचीही सुरुवात बांबूच्या धनुष्यापासून झाली. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. तिथले नांदगाव खंडेश्वर हे लहानसे गाव धनुर्विद्येसाठी ओळखले जाते. मोठ्या स्पर्धांच्या कार्बनच्या धनुष्याचा पूर्ण संच लाखांच्या घरात जातो. खेड्यातल्या मुलाच्या हातात येते ते बांबूचेच. ते ऐन स्पर्धेच्या तोंडावर तडकले तर त्या मुलाचे वर्ष वाया जाऊ शकते, म्हणून ही दुरुस्ती किरकोळ बाब मानता येत नाही.

आता धनुष्य हातात घेऊ. मधे मूठ, तिच्या वर-खाली दोन पाती आणि टोकांना दोरीच्या खाचा. धनुष्य धरल्यावर आपल्याकडे येते ते त्याचे पोट आणि लक्ष्याकडे असते ती पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट आवळले जाते. पात्याच्या बरोबर मध्यातून जाणारा थर ना ताणला जातो, ना आवळला जातो. जितके मध्यापासून दूर, तितका ताण जास्त. समजा दीड सेंटिमीटर जाडीचे पाते एक मीटर त्रिज्येच्या कमानीत वाकले, तर पाठीवरचे तंतू पाऊण टक्का लांबतात आणि पोटावरचे तेवढेच आखडतात. पाते दोन सेंटिमीटर जाड असेल तर हाच आकडा एक टक्का होतो, आणि एक टक्क्याच्या आसपास बहुतेक लाकडांचा दम संपतो. म्हणजे धनुष्य रोजच तुटण्याच्या उंबरठ्यावर काम करते. घराची तुळई किंवा बैलगाडीची जुवाडी कधी इतकी ताणली जात नाही. म्हणूनच तुळईला गेलेली चीर वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि तेवढीच चीर पाठीवर पडली तर एका ओढीत धनुष्याचे दोन तुकडे होतात.

पात्याचा ताठरपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताठरपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. आता दोन चिरा पाहा. पहिली चीर पाठीकडून पोटाकडे, उभी, पात्याच्या लांबीला समांतर गेली आहे. पाते फाटून शेजारी शेजारी दोन अरुंद पट्ट्या झाल्या, पण प्रत्येकीची जाडी पहिल्याइतकीच आहे. दोन्ही मिळून ताठरपणा जवळजवळ पूर्वीएवढाच राहतो. दुसरी चीर आडव्या पातळीत गेली आहे, म्हणजे पाठीचा थर पोटाच्या थरापासून सुटला आहे. पट्ट्या इथेही दोनच, पण प्रत्येकीची जाडी निम्मी. निम्म्या जाडीची पट्टी एक अष्टमांश ताठर, दोन मिळून एक चतुर्थांश. त्या जागी धनुष्याचा तीन चतुर्थांश ताठरपणा गेला! वरवर पाहणाऱ्याला मात्र दोन्ही ठिकाणी एक बारीक काळी रेघच दिसते. पहिलीत गोंद भरून वर दोरा गुंडाळला की काम भागते. दुसरीत गोंदाचा थर स्वतः भार वाहणारा व्हावा लागतो, कारण प्रत्येक ओढीला ते दोन थर एकमेकांवरून घसरू पाहतात.

तिसरी चीर तंतूंना काटकोनात, पाठीवर आडवी पडते. तिथे तंतूच तुटलेले असतात. ताण वाहून नेणारा माल तुटल्यावर दोन टोके समोरासमोर चिकटवून तो ताण परत मिळत नाही. लाकडाची तोंडाला तोंड लावलेली जोड कोणत्याही गोंदाने तंतूच्या बळाला पोहोचत नाही, हे प्रत्येक वाढई जाणतो. म्हणून तर तो तुळया जोडताना लांब उतरती कलम करतो.

या तिन्हींच्या मधली एक चीर फसवी असते. ती पाठीच्या मध्यावर सुरू होते, तिरपी जात जात पात्याच्या कडेला येऊन संपते. पाहायला लांबट आणि निरुपद्रवी, पण तिचा अर्थ असा की लाकडाचे तंतू पात्याच्या लांबीने धावतच नाहीत, ते कडेने बाहेर पडतात. हा दोष धनुष्य घडवतानाच झालेला असतो. लाकडी धनुष्याची पाठ झाडाच्या एकाच वर्षकड्यावर राहिली पाहिजे. वाकसाने किंवा रंध्याने ते कडे कुठे छेदले गेले, तर तिथेच पुढे ढलपी उठते. बांबूत वर्षकडी नसतात. तिथे नियम सोपा आहे: साल हीच पाठ. बांबूचे ताकदवान तंतू सालीलगत दाट असतात आणि आत जावे तसे विरळ होत जातात. त्यामुळे तासायचे ते आतून, सालीला हात लावायचा नाही. पाठीवरच्या पेराचा उंचवटा नजरेला खुपतो म्हणून काही जण तो रंध्याने सपाट करतात. पेराशी तंतू आधीच वाकडेतिकडे झालेले असतात, त्यांनाच नेमके कापले जाते. पुढची कूस बहुधा तिथूनच निघते.

पोटावरची खूण वेगळी असते. तिथे चीर न पडता केसासारख्या आडव्या सुरकुत्या उमटतात, एकापुढे एक. लाकडाच्या पेशी आवळून चेपल्याची ती खूण. त्यात गोंद शिरत नाही आणि शिरला तरी चेपलेली पेशी उभी राहत नाही. त्या जागी पाते गरजेपेक्षा जास्त वाकत होते, कारण शेजारचा भाग ताठ राहिला होता. सुरकुत्या दोन-तीनच असतील तर शेजारचा भाग थोडा तासून वाक सगळीकडे वाटून द्यावा आणि धनुष्य पूर्वीपेक्षा कमी ओढावे. सुरकुत्यांचा पट्टाच झाला असेल तर नाद सोडावा.

धनुष्याचा विचार करताना आपण बाणच डोळ्यांसमोर आणतो. वर्ध्याच्या अलीकडच्या इतिहासात मात्र धनुष्याने मोठे काम केले ते कापसाचे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे ठाणे झाली. जे. सी. कुमारप्पा यांनी तिथे ग्रामोद्योगांच्या साधनांचा बारकाईने अभ्यास चालवला. १९३६ साली गांधीजी शेगावात राहायला गेले, तेच पुढचे सेवाग्राम. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकीर हुसेन समिती आणि नई तालीम उभी राहिली. हस्तोद्योगातून शिक्षण म्हणजे पहिल्यांदा कापूस, आणि कापूस म्हटले की सूत कातण्याआधी पिंजणे आले. पिंजण हे धनुष्यच आहे. लाकडाचा लांब दांडा, त्यावर ताणून बसवलेली आतड्याची तात, आणि तातीवर आघात करायला दोन्ही टोकांना जाड असलेला लाकडी गोटा. तात थरथरते आणि कापसाचा गोळा तंतू-तंतू होऊन उडतो. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी मगनवाडीत मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन केले, ते अशाच साधनांच्या जतनासाठी आणि सुधारणेसाठी.

धनुष्याचा आणखी एक अवतार या परिसरात रुजला. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश अभियंते भारतात आले आणि भारतानंद झाले. औंध संस्थानच्या स्वराज्याच्या राज्यघटनेच्या घडणीतही त्यांचा हात होता. गांधीजींच्या सहवासात त्यांनी धनुष-तकली तयार केली. तिच्यात धनुष्य पुढे-मागे ओढले की त्याच्या पट्टीच्या घर्षणाने चाती फिरते आणि सूत निघते. चरख्याचे चाक नाही, माळ नाही. खेड्यात मिळणाऱ्या बांबूत आणि लाकडात काम भागावे, हा त्यामागचा विचार.

ही धनुष्ये तडकतात, पण बाणाच्या धनुष्यासारखी नाही. पिंजणाचा दांडा वारंवार वाकत नाही. तो तातीचा कायमचा ताण आणि गोट्याचे हादरे सोसतो. त्यामुळे चीर बहुधा खुंटीच्या भोकापासून निघून तंतूंच्या दिशेने धावते. ही आपल्या हिशेबातली पहिल्या प्रकारची, सौम्य चीर. तिच्यावर जुना आणि चोख इलाज म्हणजे ओल्या कच्च्या चामड्याची वादी आवळून गुंडाळणे. चामडे वाळताना आकसते आणि चिरेचे ओठ मिटवून धरते. बंधन जे करू शकते ते इथे स्पष्ट दिसते: ते चीर उघडू देत नाही. तुटलेल्या तंतूंचा ताण बंधन वाहत नाही. बाणाच्या धनुष्यावर दोरा गुंडाळणाऱ्याने हा फरक विसरू नये.

वर्ध्यात धनुष्य तडकण्याचे सर्वात मोठे कारण मला माणसाच्या हातात दिसत नाही, ते हवेत दिसते. लाकूड कापल्यानंतरही हवेशी पाण्याची देवघेव करत राहते. हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांवर आली की लाकडातला ओलावा चार-पाच टक्क्यांपर्यंत उतरू पाहतो. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तो १६ टक्क्यांच्या आसपास चढतो. धनुष्याला मानवतो साधारण ८ ते १२ टक्के. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, दुपारची हवा चटके देते आणि पत्र्याच्या छपराखाली आढ्याला टांगलेले धनुष्य वाळून ठिसूळ होते. जूनच्या अखेरीस पाऊस लागतो आणि तेच लाकूड पाणी पिऊन मऊ पडते, ओढले की बाक धरून बसते. वर्षातून एकदा वाळायचे आणि एकदा फुगायचे, हे चक्र चिरांना जन्म देते. त्यातच कुणी उन्हाळी शिबिरात भर दुपारी पहिलीच ओढ पूर्ण घेतली, किंवा बाण न लावता दोरी नुसती सोडली, की तडा ठरलेला. बाण नसला की सगळी साठलेली शक्ती पात्यांतच परत आदळते.

उपाय साधे आहेत. धनुष्य दोरी उतरवून, आडवे, दोन खुंट्यांवर ठेवावे. खोली जमिनीलगतची असावी, भिंत पश्चिमेची नसावी. मातीच्या भिंतींचे घर असेल तर उत्तमच, कारण तिथे हवा सावकाश बदलते. उन्हाळ्यात पिण्याच्या माठाच्या खोलीत ठेवलेले धनुष्य पत्र्याखालच्यापेक्षा नक्कीच सुखरूप राहते. पाते जवसाच्या तेलाने माखावे. जवस विदर्भाचे जुने पीक, त्याचे तेल हवेत सुकून लाकडावर पातळ थर धरते आणि ओलाव्याची ये-जा मंदावते. एक इशारा इथेच देतो. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सुटते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. ती दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. सर्वात जास्त वेळा येणारी आणि सर्वात जास्त यश देणारी म्हणजे पाठीवर उठलेली ढलपी: एक टोक सुटले आहे, दुसरे अजून धनुष्यात घट्ट आहे, आणि लांबी बोट-दोन बोटे आहे. ती ओढून काढण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण ओढली की ती आणखी लांब फाटत जाते. दोरी लगेच उतरवावी. ढलपीखालचा भुसा फुंकून, पातळ ब्लेडने सावकाश काढावा. हाताचे तेल लागले असेल तर स्पिरिटने पुसावे. मग धनुष्य गुडघ्यावर किंचित, अगदी किंचित वाकवावे, म्हणजे चिरेचे तोंड उघडते. त्या उघड्या तोंडात गोंद सोडून धनुष्य पुन्हा सरळ करावे. चीर गोंद आत ओढून घेते. हे दोन-तीनदा केले की दुसऱ्या बाजूने गोंदाचा बारीक थेंब बाहेर येतो. तो आला म्हणजे गोंद तळापर्यंत पोहोचला असे समजावे.

गोंद कोणता? केसासारखी चीर असेल तर फेविक्विकसारखा पातळ, झटपट धरणारा गोंद आत झिरपतो. फट दिसण्याइतकी असेल तर दोन नळ्यांचा ॲरल्डाइट घ्यावा, तोही सावकाश घट्ट होणारा. तो फट भरून काढतो आणि वाकण्याचा ताणही सोसतो. फेविकॉल लाकडाला उत्तम धरतो, पण सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो आणि उन्हात तापला की मऊ पडतो. थर सुटलेल्या चिरेत मी तो लावणार नाही, बाहेरच्या बंधनात मात्र तो चालतो. फेविक्विक आणि कापूस यांना एकत्र आणू नका. सांडलेला फेविक्विक कापसाने किंवा सुती कापडाने पुसला तर तो झपाट्याने तापतो, बोट भाजण्याइतका. ज्या जिल्ह्यात हाताशी आधी कापूसच येतो, तिथे हे मुद्दाम सांगायला हवे.

गोंद भरला की ढलपीवर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी ताणून ताणून गुंडाळावी. सुताराच्या शिकंज्याने एकाच जागी दाब येतो. रबराची पट्टी पात्याच्या गोलाईवर सगळीकडे सारखी बसते. खेड्यात यापेक्षा चांगले साधन मला माहीत नाही. एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही. मग पट्टी सोडून जास्तीचा गोंद बारीक पॉलिश पेपरने, तंतूंच्या दिशेनेच, घासावा. आडवे घासले तर एक कूस बसवताना दहा नव्या तयार होतात.

त्यावर बंधन घालायचे. रेशमाचा किंवा सुती मजबूत दोरा गोंदात भिजवून, वेढ्याला वेढा चिकटवत, चिरेच्या दोन्ही टोकांपलीकडे दोन-तीन सेंटिमीटर न्यावा. सुरुवातीला दोऱ्याचा एक फास पात्यावर आडवा ठेवावा. शेवटचे टोक त्या फासात ओवून आत खेचून घ्यावे, म्हणजे गाठ लागत नाही आणि उंचवटा राहत नाही. पाठीवर ठिकठिकाणी बारीक कुसा निघत असतील तर सगळ्या पाठीवर पातळ खादीची किंवा रेशमाची पट्टी गोंदाने चिकटवावी. कापड धनुष्याला बळ देते असे समजू नये. ते कुसा दाबून धरते, आणि पुढे कधी तडा गेलाच तर फुटलेला तुकडा चेहऱ्याकडे उडू देत नाही. एवढ्या कामासाठीही ते लावण्याजोगे आहे.

ढलपी हरवलीच असेल तर त्याच जातीच्या लाकडाची किंवा बांबूची पट्टी बसवावी लागते. तिथे उताराला महत्त्व आहे. एक मिलिमीटर खोल खाच असेल तर तिचे दोन्ही उतार निदान दहा-बारा मिलिमीटर लांब असावेत. आखूड उतारावर पट्टीचे टोक पहिल्याच ओढीत उचलते. पट्टीचे तंतू पात्याच्या तंतूंना समांतर हवेत. हे काम नवख्याने आधी टाकाऊ कमचीवर करून पाहावे.

प्राण्यांचे स्नायुबंध आणि सरस यांनी पाठ मढवण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी होती. शिंग, लाकूड आणि स्नायू यांची जोडधनुष्ये मोगल आणि मराठा काळातील शस्त्रसंग्रहांत आजही दिसतात. ती लहान, देखणी आणि जबर शक्तीची. पण सरस दमट हवेत सैल होतो, म्हणून पावसाळ्यात त्यांना फार जपावे लागे. साध्या बांबूच्या धनुष्याला ही चिंता नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत. दोरीसाठी सांगितलेल्या द्रव्यांत ताग आणि स्नायूबरोबर रुईही आहे. वर्ध्याच्या कोणत्याही पडीक जमिनीवर उगवते तीच ही रुई, आणि तिच्या सालीचा वाख खरोखरच चिवट असतो. सिकंदराच्या स्वारीच्या वृत्तांतांच्या आधाराने लिहिणाऱ्या ग्रीक लेखक ॲरियनने भारतीय पायदळाच्या माणसाएवढ्या उंच धनुष्याचे वर्णन केले आहे. लांब धनुष्य त्याच ओढीला कमी वाकते, तंतू कमी ताणले जातात आणि तडा जाण्याची भीती घटते. हे शहाणपण दुरुस्तीलाही लागू पडते. दुरुस्त केलेल्या धनुष्याची ओढ पूर्वीपेक्षा चार-पाच बोटे कमी ठेवावी.

दुरुस्तीनंतर थेट खांद्यापर्यंत ओढायचे नाही. मूठ खांबाला किंवा झाडाला पक्की बांधावी, दोरीला लांब दोर लावून बाजूला दूर उभे राहून थोडे थोडे खेचावे, आणि डोळ्यांवर चष्मा असावा. आधी चतुर्थांश ओढ, तीही अनेकदा. मग निम्मी. प्रत्येक वेळी दुसऱ्या माणसाने दोन्ही पात्यांचा वाक पाहावा. बांधलेला भाग ताठ राहून त्याच्या शेजारीच वाक एकवटत असेल, तर पुढचा तडा तिथे जाणार. मग बाकीचे पोट कानशीने हलके घासून वाक सारखा करावा. कान उघडे ठेवावेत. ‘टिक्’ असा बारीक आवाज आला की तिथेच थांबावे, दोरी उतरवावी आणि पुन्हा कापसाचा बोळा फिरवावा.

पाठीवर आडवी चीर, पोटावर सुरकुत्यांचा पट्टा, किंवा मधूनच सुरू होऊन कडेला फुटलेली तिरपी रेघ, यांपैकी काहीही दिसले तर ते धनुष्य बाणासाठी संपले. नुसते बाजूला ठेवू नका, टोकाच्या खाचा कापून टाका, म्हणजे घरातले एखादे पोर त्यावर दोरी चढवणार नाही. नवा बांबू जंगलातून परवानगीशिवाय आणू नका. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या धुऱ्यावरचा मानवेल जातीचा बांबू मिळवणे आता अवघड नाही. निदान तीन पावसाळे पाहिलेला बांबू निवडा आणि तो दिवाळीनंतर तोडा. पावसाळ्यात तोडलेल्याला घुण लवकर लागतो. तो सावलीत उभा करून वाळवा, आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत त्याला वाकस लावू नका.